जिन्यातली बाई: एका कादंबरीच्या कामाच्या नोंदी

९ जून

आजपासून ही वही. मागच्या पुस्तकाच्या वेळी कुठला निर्णय का घेतला हे चार महिन्यांनी माझं मलाच आठवेना आणि निम्मं काम उसवून पुन्हा शिवावं लागलं. या वेळी रोज नाही, पण काही ठरलं किंवा बिघडलं की लिहायचं.

कल्पना एवढीच: एक म्हातारी बाई घरातल्या जिन्यावरून पडून गेली. तीन वर्षांनी तिच्या नातीला त्याच जिन्यात तिचा आवाज येऊ लागतो. बाई पडली की तिला पाडलं? घरात तेव्हा तिघं होते: बाईंचा धाकटा भाऊ, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि रोज येणारी परिचारिका. पात्रांची बारशी शेवटी करीन. तोवर बाई, नात, भाऊ, भाडेकरू, परिचारिका.

अडचण पहिल्याच पानावर उभी आहे. मेलेलं माणूस बोलत असेल तर नातीने एकच प्रश्न विचारायचा, "तुला कोणी मारलं?" उत्तर आलं की पुस्तक संपलं. परलोकाची रहस्यकथा बहुतेक वेळा इथेच फसते. लेखक मग भुताला उगाच कोड्यात बोलायला लावतो, दिवे विझवतो, दारं आपटतो. वाचकाला कळतं की भुताला सांगता येतंय, लेखकच सांगू देत नाहीये.

११ जून

रोनाल्ड नॉक्सचे १९२९ सालचे रहस्यकथेचे दहा नियम पुन्हा वाचले. दुसराच नियम आपल्या मुळावर येतो: दैवी किंवा अतींद्रिय शक्तींना कथेत साफ मज्जाव. तिसऱ्यात मात्र एका गुप्त खोलीची मुभा आहे, एकीहून जास्त नको. गंमत म्हणजे नॉक्स स्वतः धर्मगुरू. ज्याचं रोजचं काम परलोकाशी, त्यानेच परलोकाला कथेबाहेर काढलं. पण त्याचं म्हणणं पटतं. भूत काहीही करू शकत असेल तर वाचकाला तर्क करायला जागाच उरत नाही.

मग वेताळ आठवला. प्रेत खांद्यावर, वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न. विक्रम बोलला की प्रेत परत झाडावर. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं. इथे भूत शंभर टक्के खरं आहे, आणि तरी कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही, कारण नियम पहिल्याच फेरीत सांगितलेला आहे आणि पुढे वेताळालाही तो मोडता येत नाही. मला हेच हवंय. बाईंना एक नियम. तो तिसऱ्या प्रकरणाच्या आत वाचकाच्या डोळ्यांसमोर यायला हवा, पण नियम म्हणून नव्हे.

१७ जून

तीन नियम करून पाहिले, तिन्ही टाकले.

बाई खोटं बोलते: स्वस्त. शिवाय मेल्यावर खोटं बोलायचं तर त्याला कारण लागतं, आणि ते कारण शोधता शोधता वेगळीच कादंबरी होते.

धक्का मागून आला, तिने पाहिलंच नाही: शक्य आहे, पण मग बाईंना बोलकं ठेवून उपयोग काय?

तिसरा बरा वाटला होता. डॉक्टर मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, डोक्याला जबर मार बसला की मारापूर्वीची काही मिनिटं बऱ्याचदा पुसली जातात. मेंदूला ती पक्की करून ठेवायला वेळच मिळालेला नसतो. वा! मी दोन पानं लिहूनही काढली. मग तीच म्हणाली, "पण तुझ्या बाईंना मेंदू कुठाय आता?"

बरोबर. आठवण मेंदूत असेल तर मेल्यावर काहीच उरायला नको. मेंदूत नसेल तर डोक्याच्या माराने ती पुसली का जावी? दोन्ही एकाच वेळी धरता येत नाही. बाईंची आठवण नेमकी कुठे साठवलेली आहे, हे आधी ठरवायला हवं.

२ जुलै

पंधरा दिवस एक ओळही नाही, नुसतं वाचन. आणि आज सापडलं.

लंडनमध्ये १८८२ साली 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' निघाली. मृत्यूनंतर काही उरतं का, हे पुराव्याने तपासायला जमलेली ही विद्वान मंडळी. १८९४ मध्ये त्यांनी छापलेल्या पाहणीत १७,००० लोकांना विचारलं होतं की जागेपणी, कुणी समोर नसताना, माणूस दिसल्याचा किंवा आवाज ऐकल्याचा अनुभव आला का. या मंडळींतला फ्रेडरिक मायर्स १९०१ मध्ये वारला. त्याने एक मजकूर लिहून पाकिटात बंद करून ठेवला होता, आणि मेल्यावर एखाद्या माध्यमाच्या, म्हणजे मृतांशी बोलू शकतो म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून तो सांगता येतो का, ही परीक्षा होती. एका बाईंच्या हातून आपोआप लिहिल्या गेलेल्या मजकुरात तो उतरलाय असं वाटलं म्हणून १९०४ मध्ये पाकीट फोडलं. जुळलं नाही.

सगळे म्हणतात, परीक्षा फसली. मी पाकिटाकडे बघत बसले (म्हणजे पाकिटाच्या विचाराकडे) आणि वाटलं, आत काय लिहिलंय हे जिवंतांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. समजा, म्हणूनच मायर्सला सांगता आलं नाही?

नियम: मेलेल्या माणसाला स्वतःबद्दल तेवढंच आठवतं, जेवढं कुणा ना कुणा जिवंत माणसाने पाहिलेलं आणि लक्षात ठेवलेलं आहे.

आठवण मेंदूतच आहे, फक्त दुसऱ्यांच्या.

३ जुलै

रात्रभर झोप नाही. या नियमातून जे बाहेर पडतंय ते लिहून ठेवते, नाहीतर निसटेल.

बाईंनी एकटीने केलेलं काहीही बाईंना आठवणार नाही. कपाटाची किल्ली तिने कुणाच्या नकळत लपवली असेल तर आता तिलाही ठाऊक नाही. हा दुसऱ्या प्रकरणातला प्रसंग: नात पहिल्यांदा खात्री करायला विचारते, "किल्ली कुठे ठेवलीस?" बाई गोंधळते. नातीला वाटतं, हा आपल्याच मनाचा खेळ, खरी आजी असती तर किल्ली सांगितली असती. वाचकालाही तेच वाटेल. आणि नियम मात्र तिथे उघडा पडलेला असेल.

आणि खून? खून तर एकाने पाहिलाय. ज्याने केला त्याने. म्हणजे बाईंना स्वतःचा मृत्यू आठवतो, पण तो खुनी माणसाच्या डोळ्यांनी.

२० जुलै

आज जिन्यात प्रयोग. ताईला बोलावलं आणि तिला माझ्यापुढे दोन पायऱ्या खाली उभं केलं. आमच्या जिन्याची एक पायरी १७ सेंटीमीटर, म्हणजे ती ३४ खाली. तिचा चेहरा दिसायचा प्रश्नच नाही. दिसतो तो भांग, मानेवरचा अंबाडा, त्यात खोचलेल्या पिना, ब्लाउजच्या पाठीची शिवण. एक पिन अर्धी बाहेर आली होती. मी म्हटलं, "ताई, हलू नकोस." ती म्हणाली, "अगं, ढकलणार आहेस की काय खरंच?"

ती पिन कादंबरीसाठी उचलली. बाई नातीला सांगते, "मी घसरले ना, तेव्हा अंबाड्यातली पिन निसटत आलेली दिसत होती. तिसऱ्या पायरीवर पडली." ओघात आलेलं वाक्य. पण स्वतःच्या अंबाड्यातली पिन स्वतःला दिसते कधी?

दुसरा दुवा: बाई म्हणते जिन्याला चौदा पायऱ्या. आयुष्यभर त्या घरात राहिलेली माणसं पायऱ्या मोजत नाहीत. पाहुणा मोजतो, किंवा ज्याला प्रत्येक पायरीवर थांबावं लागतं तो.

तिसरा दुवा होता पुढे आलेल्या हाताचा. तो काढला. हातावर घड्याळ वगैरे दाखवलं की पन्नासाव्या पानावर सगळ्यांना कळणार.

२८ जुलै

पिनेचा दुवा लपवायचा कसा? माणसाला स्वतःचं शरीर बाहेरून दिसलं की आजचा वाचक लगेच म्हणतो, मृत्यूसमीप अनुभव (मरता मरता वाचलेली माणसं सांगतात तो), आत्मा बाहेर निघाला होता. छान. वाचकाला तिकडेच जाऊ द्यायचं. पण ती वाट खरी हवी, म्हणून पुन्हा वाचन.

१९७५ मध्ये रेमंड मूडीच्या पुस्तकाने हा शब्दप्रयोग रूढ केला. १९८३ मध्ये ब्रूस ग्रेसनने असे अनुभव मोजायला सोळा प्रश्नांची मापनश्रेणी केली. स्वतःच्या शरीराबाहेर असल्यासारखं वाटणं हा त्यातला एक प्रश्न. नंतर सॅम पार्निया आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पंधरा रुग्णालयांत उंचावर फळ्या लावल्या, त्यावर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना, वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती. ज्या दोघांना आजूबाजूचं पाहिल्याऐकल्याची नेमकी आठवण होती, त्यांच्या जागी फळी नव्हतीच! कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकाने 'योगायोग ताणलाय' म्हणून काट मारली असती.

नात जिन्यातल्या कपाटावर चिठ्ठी ठेवते आणि आजीला वाचायला सांगते. उत्तर एका झटक्यात आलं, मला बदलावंसंही वाटलं नाही:

"मला दिसत काहीच नाही गं. मला फक्त आठवतं."

आता खरा धागा. तरंगत वर गेलेला माणूस छताच्या उंचीवरून बघतो. २००२ मध्ये ओलाफ ब्लँकेच्या चमूने एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतल्या एका भागाला विजेने चेतवलं, तेव्हा तिला स्वतःचं शरीर वरून दिसलं, तेही फक्त पाय आणि धडाचा खालचा भाग. म्हणजे वरून पाहूनही चेहरा नाही. नात हे वाचते आणि आजीला विचारत सुटते: कुठून दिसलं? किती उंचीवरून? बाईंची नजर छतावर नाही. ती दोन पायऱ्या वर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे.

रहस्यभेद सापडला. वही मिटून बाहेर चक्कर मारून आले.

६ ऑगस्ट

नातीने आधी साधी कारणं तपासायला हवीत. तिला येडी दाखवायची नाही. १९२१ मध्ये विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका झपाटलेल्या घराची हकिगत छापली होती. पावलांचे आवाज, सावल्या, छातीवर दडपण. कारण निघालं घर गरम ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीतून घरात पसरणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड. म्हणून नात पहिल्या आठवड्यात वायू तपासून घेते. मग व्हिक टँडीचा १९९८ चा लेख: प्रयोगशाळेत नजरेच्या कडेला करडी आकृती दिसायची, नव्या पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न कळणारा ध्वनी घुमत होता. नात जिन्यातला पंखा बंद करते. आजी बोलतच राहते.

दोन्ही मिळून चार पानं. जास्त नको.

डंकन मॅकडूगलचा प्रसंग लिहिला आणि काढून टाकला. या अमेरिकन डॉक्टरने सहा मरणासन्न रुग्णांना तराजूवर ठेवून आत्म्याचं वजन काढायचा घाट घातला आणि १९०७ मध्ये ते छापलं. सगळीकडे फिरणारे ते २१ ग्रॅम फक्त एका रुग्णाचे, बाकीच्यांचे आकडे जुळलेच नाहीत. भाडेकरूच्या तोंडी घातला होता, पण तो एवढा रंगून सांगायला लागला की खुनी तोच वाटू लागला. तसा संशय मला हवाच आहे, पण असा फुकटचा नको.

१९ ऑगस्ट

खुनी कोण, हे आज ठरलं. इतके दिवस ठरलं नव्हतं हे कुणाला सांगायची सोय नाही.

भाऊ. धाकटा भाऊ.

कारण नियमाची दुसरी बाजू आज दिसली. बाईंचं लहानपण पाहिलेला माणूस आता एकच उरलाय. म्हणजे बाईंच्या लहानपणीच्या सगळ्या आठवणी भावाच्याच. ती स्वतःला नेहमी खालून, लहान मुलाच्या उंचीवरून बघते. परकराचा काठ, कोपरावरची खपली, वरून खाली आलेला हात. तिला वाटतं हे आपलंच बालपण. पहिल्या प्रकरणात हे नुसतं सुंदर वर्णन म्हणून वाचलं जाईल. तीच नजर, साठ वर्षांनी, जिन्यात दोन पायऱ्या वर.

आणि वाचकाने हटकलंच तर त्यालाही उत्तर आहे. जुन्या आठवणींत माणूस बरेचदा स्वतःला बाहेरून पाहतो. जॉर्जिया नायग्रो आणि उलरिक नाइसर यांनी १९८३ मध्ये हे मांडलं. नातीची मैत्रीण तिला हेच समजावते आणि संशय महिनाभर झोपतो.

२ सप्टेंबर

भाऊ खलनायक नको. रागात एक धक्का. त्यानंतर तीन वर्षं तो स्वतःला सांगत आलाय, ती घसरली, मी धरायला हात पुढे केला.

फ्रेडरिक बार्टलेटचं १९३२ चं काम इथे नेमकं बसतं. त्याने केंब्रिजमध्ये लोकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुतांची गोष्ट वाचायला दिली आणि काही काळाने पुन्हा सांगायला लावली. सांगणारे आपल्याला न पटणारं गाळत गेले, ओळखीचं भरत गेले. छोट्या होड्यांच्या बोटी झाल्या, सीलची शिकार जाऊन मासेमारी आली आणि काहींच्या गोष्टीतून भुतंच गळाली. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते.

म्हणून बाई प्रामाणिकपणे म्हणते, "मी घसरले." ती खोटं बोलत नाही. तिच्याकडे आहे तीच भावाची सारवलेली आठवण. सारवताना तो पिन पुसायला विसरला, कारण त्याला ती महत्त्वाचीच वाटली नाही. वेताळापेक्षा माझ्या बाईंची गत वाईट. वेताळाला निदान खरं उत्तर माहीत असतं.

१४ सप्टेंबर

ताईने पहिली नऊ प्रकरणं वाचली. फोनवर पहिलंच वाक्य: "अगं, मग नातीला खुनी कळला की बाईलाही आपोआप कळणार की! तुझाच नियम."

दोन मिनिटं माझ्याकडे शब्द नव्हते.

तिसऱ्या मिनिटाला वाद. मी म्हटलं, नातीने पाहिलेलं नाही, तिने तर्क केलाय. आठवण म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं. ताई म्हणाली, ठीक आहे, पण जिन्यात उभं राहून नात ते बोलली तर? ते बोलणं तर झालेलं असेल, नातीच्या लक्षात राहील, म्हणजे बाईंच्याही.

हो. म्हणजे बाईंना खरं कळायचं असेल तर ते नातीनेच सांगायला हवं, आणि एकदा सांगितलं की परत घेता येणार नाही. नात जिवंत आहे तोवर बाईंना आपला भाऊ आपल्याशी कसा वागला ते आठवत राहील. सोळाव्या प्रकरणात मी नातीला नुसतीच जिन्याकडे धावत पाठवली होती. आता ती जिन्याच्या तोंडाशी थांबणार. भोक बुजवायला गेले आणि कादंबरीचा गाभा हाताला लागला. ताईला हे सांगितलं नाही, ती वर्षभर ऐकवेल.

३ ऑक्टोबर

भावाला विस्मरणाचा आजार द्यायचा ठरवलं, म्हणजे तपासाला मुदत येते. डॉक्टर मैत्रिणीकडे पुन्हा. तिने १८८१ मधला रिबोचा नियम सांगितला: स्मृती ढासळते तेव्हा अलीकडचं आधी जातं, जुनं जास्त काळ टिकतं. अपवाद असतात, पण ढोबळमानाने असंच.

म्हणजे बाई आधी स्वतःचा मृत्यू विसरणार. मग शेवटची वर्षं थोडी थोडी. लहानपण लख्ख. नातीला वाटतं, आजीला हळूहळू मुक्ती मिळतेय. आणि त्याच आठवड्यात भाऊ चहूकडे चश्मा शोधत फिरतोय, जो त्याच्या नाकावर आहे. दोन्ही प्रसंग एकाच प्रकरणात ठेवले होते, आता दोन प्रकरणांत तोडले. शेजारी शेजारी असले की जोड लगेच दिसते.

२१ ऑक्टोबर

जादूगार हुडिनीचा परिच्छेद घालून पाहिला. १९२६ मध्ये तो गेला, मेल्यावर पाठवायचा एक सांकेतिक संदेश पत्नी बेसबरोबर आधीच ठरलेला. तिने दहा वर्षं वाट पाहिली आणि १९३६ मध्ये शेवटची बैठक करून थांबली. मधे, १९२९ मध्ये, आर्थर फोर्ड नावाच्या माध्यमाने तो संदेश मिळवल्याचा दावा केला होता, पण संकेत आधीच फुटला होता असा आक्षेप निघाला. माझ्या नियमाने हुडिनीला तो संदेश यायलाच हवा होता, बेसला पाठ होता. मायर्सचं पाकीट नियमात बसतं, हुडिनी बसत नाही. नात हे स्वतःच म्हणते आणि नियमावर शंका घेते. असू दे. नियम नातीने शोधलेला आहे, मी सांगितलेला नाही, तेव्हा तिला शंका यायलाच हवी.

परलोक कसा दिसतो हे अख्ख्या पुस्तकात कुठेच नाही, यावरून आज थोडी घाबरले. कठोपनिषद काढलं. नचिकेता खुद्द यमाच्या दारात तीन रात्री बसतो, तिसऱ्या वराने विचारतो की मेल्यावर माणूस असतो की नसतो. यम आधी टाळतो. म्हणतो, देवांनाही याची शंका होती, दुसरं काही माग. खात्यातल्या माणसाचीच ही तऱ्हा, तर मी चित्र काढलं नाही म्हणून काय बिघडलं.

१८ नोव्हेंबर

शेवटचं प्रकरण. भाऊ झोपेत जातो. नातीने आजीला सांगितलेलं नाही. ती जिन्यात बसते आणि नेहमीसारखी लहानपणची गोष्ट काढते.

"आजी, ती मांजर कुठल्या रंगाची होती गं, तुम्ही दोघांनी पेटीत लपवलेली?"

"कुठली मांजर?"

एवढंच ठेवलं. आता बाईंना पन्नाशीच्या आधीचं काहीच नाही, कारण नात तेव्हा जन्मलीच नव्हती. हे समजावणारा पाऊण पानाचा परिच्छेद होता. खोडला. शब्दसंख्या ७१,००० च्या आसपास.

२ डिसेंबर

ताईचा निरोप: "पान ४० वर पिन तिसऱ्या पायरीवर पडते. पान १८३ वर चौथ्या."

आधी कपाळावर हात मारला. मग वाटलं, पान १८३ पर्यंत भावाचा आजार सुरू झालेला आहे, त्याच्या आठवणीतली पिन घरंगळली तर ते नियमात बसतंच. दोन दिवस चौथी तशीच ठेवून वाचली. ताई म्हणाली, "मला कळलं असतं तर मी चूक म्हणून कळवलं असतं का?"

तिसरी केली.